चारशे बारा हातांची यादी

‘पुढे’ असं लिहिलेलं बटण दाबायला माणसाला किती वेळ लागावा? सुहास मगदूमच्या अंदाजाने दोन सेकंद. नसीम शिकलगारने त्यासाठी पावणेदोन तास घेतले होते आणि बटण अजून जिथल्या तिथे होतं.

सुहास सकाळच्या गाडीने कोल्हापूरहून मिरजेला आला होता. करतल केंद्रातल्या सर्व्हरवर नवं बॅकअप सॉफ्टवेअर बसवायचं, दुपारी कुठेतरी झणझणीत जेवायचं आणि परतीची गाडी धरायची, एवढाच त्याचा बेत. आजवर चौदा ठिकाणी त्याने हे काम केलं होतं, त्यामुळे पडद्यावरचा प्रश्न त्याला तोंडपाठ होता. ‘डेटाबेस इन्स्टन्स निवडा.’ खाली तीन पर्याय. या सर्व्हरवर आधीपासून चालू असलेला वापरा. याच सर्व्हरवर नवा तयार करा. दुसऱ्या सर्व्हरवरचा वापरा. पहिल्या पर्यायापुढचं टिंब सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच भरून ठेवलेलं होतं, म्हणजे माणसाला विचार करायचे कष्ट नकोत.

“पहिलाच ठेवा की मॅडम,” सुहास म्हणाला. “तुमचा डेटाबेस चालू आहेच. त्यातच एका कोपऱ्यात आमची यादी राहील. शंभरातले नव्व्याण्णव जण तेच करतात.”

“आणि शंभरावा?”

“तो अजून भेटला नव्हता. आज भेटला असं वाटायला लागलंय.”

नसीम हसली, पण तिने समोरच्या कागदावरची नजर काढली नाही. कागदावर तिने पेन्सिलीने दोन चौकोन काढले होते आणि त्यांतल्या मोठ्या चौकोनावर भलीमोठी फुली मारली होती.

करतल केंद्रात हात बसवतात. ही गोष्ट २०४३ सालची, तेव्हा जाणत्या हातांचं कुणाला नवल उरलं नव्हतं. मनगटापासून पंजा गेला तरी उरलेल्या हातातल्या नसा मरत नाहीत. मेंदू बिचारा नसलेल्या बोटांना हुकूम सोडतच राहतो. त्या नसांच्या टोकांशी केसाहून बारीक तारा जोडायच्या, हुकूम ऐकायचा आणि यांत्रिक बोटं तशी हलवायची, इथवर सगळं सोपं. अवघड पुढे आहे. कोणती थरथर म्हणजे अंगठा आणि कोणती म्हणजे करंगळी, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. आणि त्याच माणसाचंही ते रोज थोडं सरकतं. घाम येतो, थंडी पडते, जखमेभोवती नस नव्याने वाढते. म्हणून प्रत्येक हाताचा एक नकाशा असतो आणि तो रोज नव्याने काढावा लागतो. संध्याकाळी माणूस हात उतरवून घरच्या चार्जिंगच्या चौथऱ्यावर ठेवतो. हात दिवसभरात काय काय केलं ते केंद्राला कळवतो, केंद्रातला सर्व्हर आजवरचा सगळा इतिहास पाहून उद्याचा नकाशा काढतो आणि परत पाठवतो.

हातात असतो तो फक्त आजचा नकाशा. पहिल्या दिवसापासूनचा इतिहास सर्व्हरवर. तो इतिहास नाहीसा झाला तर हात लगेच बंद पडत नाही, पण दहा-बारा दिवसांत अडाणी होत जातो. पेला धरायला गेलं तर मूठ आवळते, सोडायला गेलं तर आणखी आवळते. मग सगळं पहिल्यापासून शिकायचं. त्यात मेंदूला जुनी सवय लागलेली, ती विसरण्यात वर्ष जातं.

असे चारशे बारा हात केंद्राच्या भरवशावर होते. इचलकरंजीच्या मागावर पंजा गमावलेली कांचन आवळे त्या हाताने मुलीची वेणी घालायची. बेडगचे एक गुरुजी फळ्यावर वळणदार अक्षर काढायचे. आणि सतारमेकर गल्लीतले दस्तगीर शिकलगार तंबोऱ्याची जवारी काढायचे. दस्तगीर म्हणजे नसीमचे अब्बा.

“हे बघा,” नसीमने कागद सुहासपुढे सरकवला. “समजा, हा मोठा सर्व्हर गेला. आता तुमचं सॉफ्टवेअर उठलं आणि हात परत आणायला निघालं. ते पहिल्यांदा काय शोधणार?”

“यादी.”

“ती कुठे होती?”

सुहासने फुलीकडे पाहिलं. “त्यातच.”

गोम तिथेच होती. डेटाबेसचा प्रोग्रॅम एकच असला तरी तो अनेकदा, वेगवेगळा सुरू करता येतो. त्याचा असा प्रत्येक चालू अवतार म्हणजे एक इन्स्टन्स. स्वयंपाकघरातल्या पेटत्या चुलीसारखा समजा: ज्याची भांडी त्याच्यावर, आणि चूल विझली की तिच्यावरचं सगळंच थंड. बॅकअप सॉफ्टवेअरलाही स्वतःची एक चूल लागते. कारण प्रती काढून ते मोकळं होत नाही, कोणाच्या कोणत्या दिवसाचं काय कुठे ठेवलंय याची यादीही राखतं. प्रती दूरच्या दुसऱ्या इमारतीत, पण त्या तरी सलग कुठे असतात? जागा वाचावी म्हणून त्यांचे लाखो तुकडे केलेले, सारखे तुकडे एकदाच ठेवलेले. कांचनच्या अंगठ्याचा एक तुकडा गुरुजींच्या अंगठ्यालाही चालत असेल तर तो दोघांत मिळून एकच. कोणता तुकडा कोणाचा, हे फक्त यादीला ठाऊक.

“पण मॅडम, यादी गेली तरी तुकडे वाचून ती परत बांधता येते,” सुहास म्हणाला. “आमच्या पुस्तकात कृती दिलीये.”

“किती दिवस लागतात?”

सुहासने कंपनीचं पुस्तक उघडलं, तुकड्यांची संख्या घातली आणि बराच वेळ मोबाइलवर गणित केलं. मग तो खुर्चीत मागे टेकला. “अडतीस.”

“हात बारा दिवस टिकतात.”

चौदा ठिकाणी पहिला पर्याय निवडून आलेल्या माणसाने पुस्तक मिटलं. मग उपाय सुचवायचा म्हणून त्याने दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. याच सर्व्हरवर नवी चूल मांडू.

“चूल वेगळी, पण छप्पर तेच,” नसीम म्हणाली. “घर जळालं तर दोन्ही जळतील.”

राहिला तिसरा. केंद्रात दुसरं यंत्र होतं. सगळे त्याला ‘धाकटं’ म्हणायचे. आणि नसीमचं बोट पावणेदोन तास अडलं होतं ते त्या धाकट्यापाशी.

*

जवारी म्हणजे काय, हे मिरजेत कुणाला सांगावं लागत नाही, पण मिरजेबाहेरही वाचक असतात. तंबोऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण असत नाही. त्याला कानशीने असा काही उतार दिलेला असतो की तार त्याला नुसती चाटून जाते, आणि एका सुराच्या पोटातून आणखी सूर उमलतात. उतार केसभर चुकला की तंबोरा मुका होतो. हा उतार मोजता येत नाही. कानस घासताना तळहातात जी कुरकुर येते, तीच खूण.

दस्तगीरभाईंनी ती कुरकुर सत्तेचाळीस वर्षं ऐकली आणि एके दिवशी रंधा-मशीनने पंजाच नेला. जाणता हात आला, त्याने चहाचा कप धरता आला, सदऱ्याची बटणं लागली, पण कानस मुकीच राहिली. मग दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर वसुंधरा आवटी यांनी एक प्रयोग मांडला. स्पर्शाचा सूक्ष्म नकाशा काढायचा आणि कानशीची कुरकुर उलट नसांपर्यंत पोचवायची. त्याला एक अख्खं यंत्र लागे. त्यासाठी धाकटं दिलं गेलं. ज्या दिवशी अब्बांना पहिल्यांदा लाकडाचा रवा लागला, त्या दिवशी ते एवढ्याने ओरडले होते की गल्लीतले लोक पुन्हा अपघात झाला म्हणून धावत आले.

नसीमने धाकट्यावर दोन्ही बसवून पाहिलं. सूक्ष्म नकाशा कामाला लागला की यंत्राची सगळी मेमरी खाऊन टाकायचा, आणि यादीची चूल फुर्रकन विझायची. दोन्ही राहणं शक्य नव्हतं.

“नवीन यंत्र मंजूर आहे,” डॉक्टर आवटी म्हणाल्या. “पण यायला मार्गशीर्ष उजाडेल. तोवर चार महिने.”

“काय करू डॉक्टर? तुम्हीच सांगा. म्हणजे घरी तुमचं नाव पुढे करता येईल.”

“म्हणूनच सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. “नसीम, पहिला पर्याय निवडलास तर कुणी तुला बोल लावणार नाही. सॉफ्टवेअरवालेच तो भरून देतात. मीही सही करीन. हे मात्र सांगते, म्हणजे पुढे मी सांगितलं नव्हतं असं व्हायला नको.”

सुहासची परतीची गाडी एव्हाना जयसिंगपूर ओलांडून गेली होती. त्याने मुक्काम ठोकला आणि बटण दुसऱ्या दिवसावर गेलं.

*

नसीम दुकानात शिरली तेव्हा अब्बा धारवाडच्या जोडीसमोर बसले होते. गिरिजाबाईंची ती जोडी. बाईंचं वय एक्क्याऐंशी. तीस वर्षं त्यांच्या तंबोऱ्यांची जवारी अब्बांनीच काढली होती, आणि अब्बांचा हात गेल्यावर बाईंनी ती जोडी गवसणीत घालून ठेवली, दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही. गाणं चाललं ते परक्या तंबोऱ्यावर. कार्तिकात शिष्यांनी त्यांची बैठक ठरवली होती आणि बाईंनी एकच अट घातली होती: जोडी माझी हवी. एक तंबोरा बोलायला लागला होता. दुसऱ्याची घोडी अजून कोरी होती.

नसीमने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. अब्बा ऐकत होते आणि यांत्रिक बोटांनी कानशीवरची भुकटी झटकत होते.

“तुझं यंत्र बिघडलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बिघडायच्या बेतात आहे?”

“तसंही नाही.”

“म्हणजे न बिघडलेल्या गोष्टीसाठी माझा हात काढून घेतेस.”

“हात राहील अब्बा. कप धरता येईल, बटणं लागतील...”

“कप!” अब्बा म्हणाले. “सात वर्षं मी कप धरायला जगलो का? बाई एक्क्याऐंशीच्या आहेत. मार्गशीर्षापर्यंत थांबा म्हणून त्यांना मी सांगू, का तू सांगतेस?”

बाईंना हे सांगायची हिंमत नसीमला नव्हती. पण ती याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. तार आणि घोडी यांच्यामधला, सूर खुलवणारा दोरा सरकवायला ती इथेच शिकली. कानस मात्र अब्बांनी तिला, तिच्या भावाला, कोणत्याच कारागिराला कधी धरू दिली नव्हती. जवारीला हात एकच असावा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा दुसरा एक नियम सगळ्या गल्लीत टिंगलीचा विषय होता. जवारी लागली, तंबोरा गायला लागला, गिऱ्हाईक खूश होऊन उठलं, की अब्बा सगळ्या तारा उतरवायचे, घोडी काढायचे, आणि सगळं पहिल्यापासून परत चढवून ऐकायचे. परत चढवल्यावर तसंच बोललं तर ती जवारी, नाहीतर ते नशीब, असं ते म्हणत.

“उतरवून परत चढवल्याशिवाय वाद्य दाराबाहेर जाणार नाही, हे कोण म्हणतं अब्बा?” नसीम म्हणाली. “मी कागदावर उतरवून पाहिलं. चढत नाही.”

“ते वाद्यांबद्दल होतं,” अब्बा म्हणाले, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नसीमने तिसरा पर्याय निवडला. धाकट्याचं नाव टाकलं, नव्या इन्स्टन्सला नाव दिलं, पासवर्ड स्वतःच्या अक्षरात लिहून पाकीट बंद केलं आणि डॉक्टरांच्या कपाटात ठेवलं. सूक्ष्म नकाशा थांबवण्याआधी तिने त्याची प्रत काढली. चारशे बारा हातांच्या यादीतली पहिली नोंद ती झाली. मग तिने ‘पुढे’ दाबलं. सुहासला हसावंसं वाटलं नाही.

*

घरात अबोला म्हणजे काय असतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. अब्बा बोलायचे, पण अम्मीमार्फत. “तिला सांग, चहात साखर जास्त झालीये.” चहा अम्मीनेच केलेला असायचा. “तिला विचार, बिल भरलं का विजेचं.” नसीम समोरच बसलेली असायची. अम्मी बिचारी दोघांच्या मधे टपाल खातं चालवून कंटाळली. एकदा ती म्हणाली, “तुम्हा दोघांनाही एकेक यंत्र बसवून घ्या आणि मला सोडा.”

अब्बा रोज दुकानात जायचे. घोडी हातात धरायचे, कानस लावायचे, आणि खाली ठेवायचे. जाड हातमोजा घालून काम केल्यासारखं त्यांना वाटे. एकदा नसीम डबा द्यायला गेली तर ते कोऱ्या घोडीकडे नुसते बघत होते. ती दारातूनच परत फिरली आणि घरी येऊन भरपूर रडली. आपलं चुकलं असं तिला वाटत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

केंद्रात ती दर शनिवारी दुपारी एक काम करायची. यादीतला कुठलाही एक हात निवडायचा, त्याचा नकाशा सुट्या चाचणी-यंत्रावर प्रतींमधून परत आणायचा, आणि मूळ नकाशाशी ताडून पाहायचा. कुणी सांगितलं नव्हतं. सुहास फोनवर चेष्टा करायचा, “मॅडम, आज कुणाचा हात उतरवला?” ती नाव सांगायची. पहिल्या शनिवारी चढलाच नाही, एका फोल्डरची परवानगी चुकली होती. ती दुरुस्त केली. दुसऱ्या शनिवारी चढला. अकरा शनिवार गेले.

मग एका मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला, मोठ्या सर्व्हरमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाला वेड लागलं. तो बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालूच राहिला आणि नकाशांवर भलतंसलतं लिहीत सुटला. नसीमच्या लक्षात येऊन तिने वीज तोडेपर्यंत नऊ मिनिटं गेली होती. मोठी चूल विझली. वर्षानुवर्षांचे चारशे बारा इतिहास गेले.

डॉक्टर आवटी धावत आल्या आणि दारातच थांबल्या. नसीम धाकट्यासमोर बसली. यादी जागी होती. तिला मोठ्याचं काही घेणंदेणंच नव्हतं. यंत्र कुठलं, प्रत कुठल्या दिवसाची, एवढंच तिने विचारलं, आणि नसीमने अकरा वेळा दिलेलं उत्तर बाराव्यांदा दिलं. चाचणी-यंत्र. या वेळी सोमवार संध्याकाळ.

दूरच्या इमारतीत ठेवलेले लाखो तुकडे आपापला माणूस शोधत निघाले. पहिल्या वीस मिनिटांत सात हात. दुपारच्या जेवणापर्यंत एकशे तीस. सुहास मिळेल त्या गाडीने येऊन धडकला, आणि काही न बोलता सुटी यंत्रं जोडायला बसला. चार वाजता तीनशे. सहा वाजून पाच मिनिटांनी कांचन आवळेचा, आणि सहा वाजून बारा मिनिटांनी शेवटचा.

साडेसहाला घरोघरचे लोक हात उतरवून चौथऱ्यावर ठेवतात. त्या संध्याकाळीही त्यांनी ठेवले. केंद्राने रोजच्यासारखे उद्याचे नकाशे पाठवले. कुणाचा फोन आला नाही, कुणी तक्रार केली नाही. चारशे बारा घरांत त्या मंगळवारी काहीही घडलं नाही. माणसाने केलेल्या कामाला याहून मोठी पावती मी तरी ऐकलेली नाही.

*

सुहास सकाळपासून उपाशी होता. नसीम त्याला घरीच घेऊन आली. अम्मीने ताट वाढलं आणि दोन घास पोटात गेल्यावर सुहासला कंठ फुटला. त्याने सगळं सांगितलं. अब्बा भिंतीला टेकून बसले होते, मान वळवूनही बघत नव्हते, पण ऐकत होते हे सगळ्यांना दिसत होतं.

“चाचा, मी चौदा ठिकाणी पहिला पर्याय निवडून आलोय,” सुहास म्हणाला. “उद्या सकाळपासून चौदाही ठिकाणी फोन करणार आहे. ही बाई नसती तर आज चारशे घरांत...” तो पाणी प्यायला.

“आधी कधी उतरवलं होतं?” अब्बांनी विचारलं. अम्मीला नव्हे. नसीमला.

“दर शनिवारी,” नसीम म्हणाली. “अकरा वेळा.”

“चढलं?”

“पहिल्यांदा नाही. मग दर वेळी.”

अब्बांची यांत्रिक बोटं गुडघ्यावर तालात आपटत होती. मग ते म्हणाले, “यादी मोठ्याच्याच चुलीवर असती तर?”

“अडतीस दिवस. कदाचित जास्त.”

“हं. जवारी कुठे कुठे आहे?”

“तुमचा सूक्ष्म नकाशा? त्याची प्रत आहे अब्बा. यादीतली पहिली नोंद तीच आहे. नवीन यंत्र आलं की...”

“नकाशा नाही विचारत. जवारी. माझी. ती कुठे कुठे ठेवलीये?”

अब्बांनी आपल्या यांत्रिक पंजाने स्वतःच्या छातीवर दोनदा टकटक केलं.

“एकाच ठिकाणी,” ते म्हणाले. “आणि रंधा-मशीन ते ठिकाण एकदा घेऊनही गेलं. तरी मी शहाणा झालो नाही. चोपन्न वर्षं मी तुमच्या त्या पहिल्या पर्यायावर बसून आहे. कुणी विचारलं तर ऐटीत सांगतो, जवारीला हात एकच असावा.” मग ते अम्मीकडे वळले. “तिला सांग, उद्या पहाटेच्या नमाजानंतर दुकानात ये म्हणावं.”

“तुम्हीच सांगा,” अम्मी म्हणाली. “माझं टपाल खातं बंद झालं आजपासून.”

*

दुसऱ्या दिवशी अब्बांनी आपली कानस नसीमच्या हातात दिली. दिली म्हणजे तिच्या बोटांवर ठेवली आणि आपला पंजा लगेच काढून घेतला, जणू विचार बदलायला वेळ मिळू नये.

“माझा हात वाईट आहे अब्बा.”

“आहेच,” अब्बा म्हणाले. “पण कान माझा आहे. घास.”

कार्तिकातल्या बैठकीला पाच आठवडे होते. नसीम रोज सकाळी केंद्रात जायच्या आधी दोन तास बसायची. अब्बांचा साधा, कप धरणारा हात घोडी घट्ट धरून ठेवायचा. तेवढं त्याला छान जमत होतं. ती घासायची. ते डोळे मिटून ऐकायचे. “दाबतेस. लाकडाला खाज सुटल्यासारखं कर.” “आता थांब. आता कशाला थांबलीस?” पहिली घोडी वाया गेली. दुसरीही. तिसरीच्या वेळी तळहातात काहीतरी कुरकुरलं, आणि तिने चमकून वर पाहिलं. अब्बा आधीच तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायलाही हात उचलला नाही, कारण हातात घोडी होती. ती घोडीही शेवटी बिघडलीच. पण दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही.

डॉक्टर आवटींनी मध्येच निरोप पाठवला, मोठ्या सर्व्हरचं प्रकरण वर कळल्यामुळे नवं यंत्र लवकर येईल, दस्तगीरभाईंना सांगा. “येऊ दे सावकाश,” अब्बा म्हणाले. “आम्ही कामात आहोत.”

चौथी घोडी बोलली. नसीमने तारा चढवल्या, दोरा सरकवला, आणि खर्ज छेडला. दुकानभर सूर पसरला आणि त्यातून वरचा गंधार आपसूक उमलून आला. रस्त्यावरचा एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला. नसीम हसत अब्बांकडे वळली.

“उतरव,” अब्बा म्हणाले.

तिने तारा उतरवल्या, घोडी काढली, सगळं पहिल्यापासून परत चढवलं. खर्ज छेडला. गंधार तिथेच होता.

अब्बांनी बराच वेळ ऐकलं. “जाऊ दे दाराबाहेर,” ते म्हणाले.

कार्तिकातल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडहून फोन आला. अब्बांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. गिरिजाबाईंचा आवाज गाऊन गाऊन बसला होता, पण खूश होता. बैठक कशी झाली, कोण कोण आलं, सगळं सांगून झालं.

“दस्तगीर, एक विचारू? दुसऱ्या तंबोऱ्याला हात तुझा नाही.”

नसीम पुढे सरकून बसली.

“कमी पडतोय का बाई?” अब्बांनी विचारलं.

“कमी नाही रे. वेगळा आहे. खरं सांगू, मी काल त्यालाच कान लावून गायले. कुणाचा आहे?”

अब्बांनी समोर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. तिच्या नखांत लाकडाची भुकटी होती.

“आमच्या नसीमचा,” ते म्हणाले. “आता आमच्याकडे दोन ठिकाणी आहे बाई.”

फोन ठेवून त्यांनी पेटीतून नवी कोरी घोडी काढली आणि तिच्यासमोर सरकवली.